मागचा डेरेलर बघून सायकल ठरवू नका

सायकल निवडण्यावरच्या लेखातलं 'शॉकअप (पुढचा स्प्रिंगवाला फोर्क) नसलेली एमटीबी, म्हणजे खडबडीत वाटांची सायकल घ्या' हे म्हणणं पूर्ण पटलं. स्वस्तातला शॉकअप म्हणजे नुसतं वजन. पण त्यातलंच 'मागचा डेरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) शिमानो कंपनीचा डिओरे असेल तर बाकीचे पार्टही चांगलेच असणार' हे साफ चुकीचं आहे. गिऱ्हाईक तेवढंच नाव वाचतं, म्हणून काटकसर होते ती हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) आणि चेनमध्ये. माझी पहिली सायकल तशीच होती. डेरेलर झकास, मागच्या हबला मात्र आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा जुन्या पद्धतीचा संच. बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी रस्त्यावर एकाच पावसाळ्यात दोनदा एक्सल (चाकाचा आस) वाकला. कॅसेटच्या (चकत्या हबवर सरकवून बसवायच्या दुसऱ्या पद्धतीच्या) हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग एक्सलच्या टोकाजवळ असतं. फ्रीव्हीलमध्ये ते बरंच आत राहतं आणि खड्ड्याचा दणका उघड्या एक्सलवर येतो.

त्यात आमची तांबडी माती! सील नीट नसेल तर चिखल बेअरिंगमध्ये शिरतो आणि ग्रीस खराब करतो. म्हणून बेअरिंग तपासायला दुकानात चाक उचलून फिरवा, रिम धरून आडवं हलवून बघा. आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यात) 2.2 इंची टायर मोकळा बसतो का, हेही विचारा. शॉकअप नसताना धक्के टायरच खातो.