पाठ एकच सूत्र करायचं
त्रिकोणमिती फुकटच्या व्हिडिओंवरून शिकता येते असं लेखात म्हटलंय ते पटलं. आमची पोरगी विट्याला दहावीत, क्लासमध्ये तिन्ही सूत्रं नुसती घोकून घेतलेली, खान अकॅडमी या फुकट शिकवणाऱ्या वेबसाइटवर बघितल्यावर कळलं की साइन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर बरोबर 1 एवढंच लक्षात ठेवायचं, ते पण पायथागोरसच की हो, मग सगळ्याला कॉस स्क्वेअरनं भागलं की 1 अधिक टॅन स्क्वेअर बरोबर सेक स्क्वेअर आणि साइन स्क्वेअरनं भागलं की 1 अधिक कॉट स्क्वेअर बरोबर कोसेक स्क्वेअर. फक्त बघताना सगळं सोपं वाटतं राव, उत्तर यायच्या आधी पॉज करून वहीत सोडवलं तरच उपयोग. 'सिद्ध करा'ची गणितं मराठीतनं नीट समजावणारं चॅनल कुणाला माहितीय का?