इंग्रजी शिस्तीचा दवाखाना काढायचाय? या, सांगतो

गेल्या बुधवारी आईला घेऊन सिव्हिलला गेलो होतो. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरशिवाय पाऊल उचलत नाही, तिचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं होतं. साडेआठला केसपेपरची रांग, मग टोकनची रांग, मग कळलं की तपासणाऱ्या डॉक्टरांचा बोर्ड दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि लिफ्ट बंद आहे. "पेशंट प्रत्यक्ष समोर पाहिजे," खिडकीतून आवाज आला. म्हणजे चालता येत नाही हे दाखवायला दोन जिने चढायचे. चढलो. वर दाराला कुलूप. साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला.

रांगेत एक काका होते. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. मान हलवत म्हणाले, "इंग्रजांच्या काळी असं नव्हतं हो. काय ती शिस्त!" आजूबाजूच्या चार माना डोलल्या.

मलाही पटलं. म्हटलं, एवढी लोकांची इच्छा आहे तर ती शिस्त परत आणायला आपणही हातभार लावावा. तर मंडळी, लिहून घ्या.

सगळ्यात आधी दवाखाना कोणासाठी ते ठरवा. रयत वगैरे डोक्यात आणू नका. इंग्रज साहेबानं हिशेब मांडला तेव्हा त्याला दिसलं की हिंदुस्थानातले गोरे सोल्जर वर्षाला हजारी ६९ मरतात, आणि ते लढाईत कमी, ताप-हगवण-पटकीनं जास्त. विलायतेहून आणलेला माणूस असा फुकट जाणं परवडत नाही. लगेच १८५९ ला चौकशीला रॉयल कमिशन, १८६३ ला अहवाल, १८६४ ला मुंबई, मद्रास, बंगाल तिन्हीकडे स्वच्छता बघणारं सॅनिटरी कमिशन. कॅम्पात रुंद रस्ते झाले, हवेशीर बराकी झाल्या. गावाचं काय? गाव कॅम्पापासून लांब राहिलं की झालं गावाचं आरोग्य.

डॉक्टर फौजेचाच घ्या. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात फौजी नोकरी, परीक्षा लंडनला. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन बहुतेकदा तिथूनच उसना आलेला. तो तुरुंग बघणार, साहेबलोकांचे ताप बघणार, वर खासगी प्रॅक्टिस करणार. उरलेल्या वेळात तुम्ही. (सिव्हिल म्हणजे सभ्य, असा काहींचा समज आहे. एकदा खिडकीपाशी जाऊन या.)

इमारतीला पैसे शेटजींकडून घ्या. जे. जे. हॉस्पिटलला जमशेटजी जीजीभॉयनी दिले, कामा हॉस्पिटलला पेस्तनजी कामांनी दिले.

पण शेटजी अटी घालायला लागले तर सावध. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी शिकवणारे हिंदुस्थानीच हवेत अशी अट घातली आणि १९२६ मध्ये परळला तसं मेडिकल कॉलेज उभं राहिलं सुद्धा.

फारच आरडाओरडा झाला तर खातं द्या, तिजोरी देऊ नका. १९१९ च्या सुधारणांत हेच केलं. आरोग्य हिंदुस्थानी मंत्र्याकडे, पैसा गव्हर्नरच्या माणसाकडे.

आता साथ आली तर काय करायचं ते नीट ऐका, खरी शिस्त तिथेच दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. युरोपातली बंदरं मुंबईच्या बोटींना नाकं मुरडायला लागली, व्यापार बुडायची वेळ आली, तशी सरकारला लोकांची दया आली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा. चारच कलमं. त्यातलं चौथं सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूनं काहीही केलं तरी करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. सद्हेतू! मग पुण्यात वॉल्टर रँडला प्लेगचा कारभारी नेमायचा. तो डॉक्टर नाही, मुलकी अधिकारी. तपासणीला नर्स कशाला, गोरे सोल्जर पाठवा. त्यांनी बूट घालून देवघरात जायचं, माजघरात जायचं, ट्रंका उपसायच्या, अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून जाळायची. बायकांना घराबाहेर उभं करून काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघायचं. कोणाला साधा ताप असला तरी उचलून न्यायचं. लोकांनी मग आजारी माणूस लपवायला सुरुवात केली. का नाही करणार? दवाखान्यात नेलेला माणूस परत येतो असं कोणाला वाटत होतं? २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गोळी घातली, तेव्हा कुठे साहेबाला कळलं की इथली माणसंही चिडतात. मग केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोह, टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी.

त्याच पुण्यात, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, सावित्रीबाई मुंढव्याहून एका प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यात आल्या. १० मार्चला त्याच प्लेगनं गेल्या. त्यांच्यापाशी चौथं कलम नव्हतं.

बरं, एखाद्यानं खरंच औषध शोधलं तर? हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लसीनंतर धनुर्वातानं १९ माणसं दगावली, तर खापर त्याच्या माथ्यावर. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दोष खालच्या माणसावर ढकलायचा, ही टीप आपण वेगळी शिकायला नको.

तर काका, ही तुमची शिस्त. तुम्ही त्या काळात असता तर बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला असता, असं तुम्हाला का वाटतं हो? तुमची ट्रंक रस्त्यावर पडली असती. तुमच्या आईला उन्हात उभं केलं असतं.

आणि आपण तरी काय दिवे लावले? तो साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये आपल्याच सरकारनं बाहेर काढला, चौथ्या कलमासकट. सव्वाशे वर्षांत दुसरा सुचला नाही. साहेब गेला, पण खिडकीच्या आतल्या माणसाला अजून वाटतं की बाहेरचे सगळे एकतर खोटं बोलतात नाहीतर रोग घेऊन आलेत. लाज वाटत नाही? जिला चालता येत नाही तिला दुसऱ्या मजल्यावर बोलावता? टेबल तळमजल्यावर आणायला रॉयल कमिशन लागतं का? आणि रांगेतले आपण, टोकन हातात धरून गेलेल्या साहेबाची आरती ओवाळतो. एकानं तरी त्या दारावर जाऊन विचारलं का, कुलूप का आहे? मीही नाही विचारलं.

पुढच्या बुधवारी परत बोलावलंय. काका, तुम्ही असाल तर शिस्तीबद्दल पुन्हा बोलू. आधी आईला एका बाजूनं धरा.