सुट्टीत काय वाचलं? फोटोसह कळवा!

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो: 'सर्वांनी सुट्टीत काय वाचले ते फोटोसह टाकावे. वरून माहिती मागितली आहे.' वरून म्हणजे कुठून, हे विचारायचं नसतं. नवीन लागलेल्यांनी घाबरून जाऊ नये, म्हणून हे चार शब्द.

पुस्तक वाचायला नाही, धरायला लागतं. मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे, नजर पुस्तकात, चष्मा असला तर उत्तम. मागे सोयाबीनची पोती दिसत असतील तर दिसू द्या, तेवढंच मातीशी नातं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो काढलेलेच असतात. शर्ट बदलून तेच चालतील का, तेही बघा.

जाड पुस्तक निवडा.

काहीच सुचलं नाही तर ग्रामगीता सांगा. आपल्या भागात त्यावर कोणी उलट विचारत नाही. तुकडोजी महाराजांनी ४१ अध्याय लिहिले. आमचे एक सर दर दिवाळीला पहिल्याच अध्यायावर असतात, आणि दर दिवाळीला त्यांना पन्नास अंगठे मिळतात.

दिवाळी अंक धरणार असाल तर का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, एवढं कॅप्शनमध्ये टाका. मग निवांत राशिभविष्य वाचा.

आणि पुस्तक विकत घेऊ नका. कशाला? आम्ही आहोत ना. यंदा आमच्याच एका सरांनी विचारलं, "तुमच्याकडं 'धग' आहे न? द्या न बाप्पा, सुट्टीत वाचतो." दिलं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो: 'अतिशय प्रेरणादायी. सकारात्मक ऊर्जा मिळाली.' अहो, उद्धव शेळक्यांची १९६० ची कादंबरी ती, आपल्या वऱ्हाडी बोलीतली! त्यातली कौतिक गरिबीशी झुंजता झुंजता झिजून जाते. ऊर्जा कुठून मिळाली तुम्हाला, तिच्या उपासातून? खाली एका मॅडमची कमेंट, 'मलाही द्या न सर.' सरांनी दिलं! माझं पुस्तक, मला न विचारता! मॅडमचा फोटो झाला. मग ते पुन्हा सरांकडे, आणि सरांकडून थेट साहेबांच्या सत्काराला. साहेबांनी मोठ्या मनाने ते शाळेला दान केलं. सुट्टीनंतर कपाट उघडं दिसलं म्हणून डोकावलो, तर वर हेच. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग, आत सरांच्या अक्षरात 'सप्रेम भेट', त्याखाली शाळेचा शिक्का आणि दाखल क्रमांक. खूण म्हणून कापसाच्या काट्याची पावती घातलेली, तीही तिसऱ्या पानावर. अख्खा तालुका फिरून आलं, पण चौथं पान कोणी उलटलं नाही. मी ते हातात घेतलं तर म्हणतात, "सर, रजिस्टरला चढलं न आता. सही करून न्या."

माझ्या पुस्तकाला माझी सही.

जाऊ द्या त्या पुस्तकाचं. त्या कपाटात खाली काय आहे, पाहिलं कधी? पोरांची गोष्टींची पुस्तकं, सरकारनं पाठवलेली, अजून पानं एकमेकांना चिकटलेली. पोरं विचारतात, "सर, घरी नेऊ का जी?" आणि आपण म्हणतो, "फाडशील." फाडू द्या न! फाटलं तर मी चिकटवून देतो, डिंक माझा. सुट्टीभर चौथीतली पोरगी धुऱ्यावर लहान भावाला घेऊन बसते, माय कापूस वेचते. तिच्याजवळ एक पुस्तक असतं तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? ऑडिटवाला येऊन गोष्टीची पुस्तकं मोजणार होता? स्वतः वाचायचं नाही, वाचणाऱ्याच्या हातून घेऊन जायचं, आणि ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यापुढे कुलूप लावून बसायचं. वर मास्तर म्हणवून घ्यायचं! लाज वाटू द्या थोडी.

किल्ली कोणाच्या पिशवीत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या प्रार्थनेच्या आधी ती कपाटाला लागलेली पाहिजे.