चष्म्याला पट्टा कोण बांधणार?

आनंदमेळ्यातील प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी एक पाटी असते. तिच्यावर उंची, हृदयविकार, गरोदरपण आणि मद्यपान यांची दखल घेऊन झाल्यावर, जागा उरलीच तर, ‘टोपी, मोबाइल, चष्मा यांची जबाबदारी स्वतःची’ अशी एक ओळ लिहिलेली असते. ही ओळ लिहिणारा माणूस निश्चितच बिनचष्म्याचा असला पाहिजे. टोपी उडाली तर डोक्याला ऊन लागते आणि मोबाइल पडला तर दोन दिवस शांततेत जातात. चष्मा गेला तर मात्र मेळ्याचे फाटक कोणत्या दिशेला आहे, येथून प्रश्न सुरू होतात.

माझा नंबर उणे सहा आहे. या आकड्याचा अर्थ असा की, डोळ्यापासून सुमारे 17 सेंटिमीटरपर्यंतचे जग मला स्वच्छ दिसते आणि त्यापलीकडे रंगीत धुके सुरू होते. एका मीटरला सहाने भागायचे, एवढेच त्यामागचे गणित. तिकीट नाकाशी धरले तर मला वाचता येते, ते तिकीट मागणारा माणूस मात्र दिसत नाही. पाळण्यात बसताना माझ्या पोटावर लोखंडी दांडा येतो, कंबरेला पट्टा येतो, पाळणेवाला मुलगा तो दांडा दोनदा हलवून खात्री करून घेतो आणि मगच पुढच्या डब्याकडे वळतो. माझ्या खालोखाल ज्या वस्तूला जपायला हवे तिच्यासाठी मात्र दोन कान आणि एक नाक यांपलीकडे कोणतीही व्यवस्था नाही. आणि नागपूरचा मे महिना असेल, पारा दुपारी 45 अंशांपाशी जाऊन आलेला असेल, तर त्या नाकावरही संध्याकाळी सातपर्यंत घामाखेरीज काही टिकत नाही.

याचा दोष मी चष्म्याच्या इतिहासाला देतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला तेव्हा त्याला काड्याच नव्हत्या. तो हातात धरावा लागे किंवा नाकावर चिमटून ठेवावा लागे. कानांचा आधार घेणाऱ्या काड्या अठराव्या शतकात आल्या, आणि त्यांचे श्रेय सहसा लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या चष्मेवाल्याला दिले जाते. म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना निसर्गाने आयत्याच दिलेल्या खुंट्या वापराव्यात, हे सुचायला माणसाला चारशेहून अधिक वर्षे लागली. पुढे 1893 मध्ये जॉर्ज फेरिस यांनी शिकागोच्या प्रदर्शनात 264 फूट उंचीचा आकाशपाळणा उभारला आणि दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर माणसांना उलटे करून फिरवणारी गाडी धावू लागली. तरीही चष्म्याची काडी आहे तशीच राहिली. डोके वर आणि पाय खाली ठेवून वर्तमानपत्र वाचणाऱ्या सभ्य माणसासाठी ती घडवलेली आहे, आणि तिच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचेमंडळी नागपूरला उतरली की ही अपेक्षा करण्याची वेळ माझ्यावर येते. प्रत्येक पाळण्याची चष्मा पळवण्याची रीत वेगळी असते, आणि तिचा अभ्यास मी नाइलाजाने केलेला आहे. ‘कोलंबस’ नावाची ती झुलती नाव झोक्याच्या टोकाला पोहोचते तेव्हा सगळ्या वस्तू क्षणभर जवळजवळ भारहीन होतात आणि चष्मा नाकापासून सुटू पाहतो. तीच नाव वेगाने तळाशी येते तेव्हा, झोका मोठा असेल तर, वजन दुपटीच्या पुढे जाते आणि तोच चष्मा ओठांच्या दिशेने घसरतो. म्हणजे वर गेल्यावर त्याला खाली दाबायचे आणि खाली आल्यावर वर ढकलायचे, तेही एका हाताने, कारण माझा दुसरा हात धाकट्या भाच्याने धरलेला असतो. ‘ब्रेक डान्स’ त्याहून कपटी आहे. तो चष्म्याला वर-खाली न करता आडवा ओढतो, त्यामुळे एक काडी कानावर आणि दुसरी गालावर अशी अवस्था होते आणि समोरचे जग एका डोळ्याने स्पष्ट व दुसऱ्याने अस्पष्ट, असे दोन्ही नमुन्यांत एकाच वेळी फिरू लागते. ताईने खालून काढलेल्या व्हिडिओत सगळी पोट्टी दोन्ही हात वर करून ओरडताना दिसतात आणि त्यांच्यामध्ये मी दोन बोटे नाकाच्या मुळाशी ठेवून बसलेला असतो. पाहणाऱ्याला वाटावे की गृहस्थ कर्जाच्या हप्त्याचा विचार करीत आहेत.

‘मग काढून ठेवा ना जी चष्मा,’ असे पाळणेवाले म्हणतात, आणि त्यात त्यांचे चूक काहीच नाही. सुमारे 20 मीटर उंचीवरून पडलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडून दिला तर, दोन सेकंदांत जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या घरात असतो. खाली रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या निरपराध माणसाच्या टकलावर माझा नंबर आदळावा, अशी माझीही इच्छा नाही. प्रश्न एवढाच असतो की काढून ठेवायचा कोठे. सदऱ्याच्या खिशाला झाकण नसते. पँटच्या खिशावर तो लोखंडी दांडा नेमका येतो, आणि चष्म्याची कडक डबी बरोबर घेतली तर दांडा पोटापर्यंत पोहोचतच नाही. मग डबीला सुरक्षित ठेवायचे की मला, यावर पाळणेवाल्याशी चर्चा करावी लागते आणि मागची रांग त्या चर्चेत मोकळेपणाने भाग घेते.

उरतो मार्ग चष्मा घरच्या माणसाच्या हाती सोपवण्याचा. ताईला पाळण्यांची भोवळ येते, त्यामुळे ती खाली उभी राहते आणि तिच्या पर्समध्ये माझा चष्मा जातो. येथवर सगळे सुरळीत असते. मात्र फेरी संपल्यावर, पायांखालची जमीन अजून फिरत असताना, मला ताई शोधायची असते, आणि ताई शोधण्यासाठी जो चष्मा हवा तो ताईजवळ असतो. या पेचावर मला आजवर एकाही शहाण्या माणसाने उत्तर दिलेले नाही. ती हिरवी साडी नेसून आली होती हे ध्यानात ठेवून मी एकदा हिरव्या रंगाच्या दिशेने निघालो आणि त्या रंगासमोर हात पुढे करून ‘दे लवकर’ असे म्हणालो. ‘कोणती देऊ जी, मटका की मलई?’ असा प्रश्न आला. तो कुल्फीच्या गाडीचा पडदा होता. ताई त्या वेळी माझ्या शेजारीच उभी होती आणि, तिच्याच म्हणण्यानुसार, मी पुढे काय करतो हे पाहत होती.

बिनचष्म्याने पाळण्यात बसण्याचे सुखही फारसे नसते. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावरील आकाशपाळणा वर जाऊन थांबला की बरोबरचे लोक तो पाहा सीताबर्डीचा किल्ला, ती पाहा मेट्रो, असे एकमेकांना दाखवू लागतात. मला किल्ला आणि मेट्रो यांतला फरक आवाजावरून ओळखावा लागतो. शून्य मैलाचा दगड तेथून जवळच आहे, आणि माझ्या दृष्टीचा पल्ला पाहता शहराने तो माझ्यासाठीच राखून ठेवला असावा, असे तेवढ्या उंचीवर मला वाटून जाते.

पाण्याच्या उद्यानांविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे चष्म्याला प्रवेशच नसतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये, कारण पाण्यातील सूक्ष्मजीव लेन्सच्या मागे शिरून बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतात, असे डोळ्यांचे डॉक्टर बजावतात. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात. ते लावून मी घसरगुंडीच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा भाच्यांनी आपण माझ्याबरोबर आलेलो नाही अशी भूमिका घेतली.

शेवटी सीताबर्डीतील एका चष्मेवाल्याकडे मी गाऱ्हाणे नेले. त्यांनी काड्या गरम करून कानामागे अधिक वळवून दिल्या आणि त्यांच्या टोकांना रबराचे आकडे बसवले. मग एक साखळी दाखवली, जी चष्म्याला जमिनीवर पडू देत नाही, पण त्याला आपल्याच तोंडावर आपटत राहण्याची मुभा देते. ती नको म्हटल्यावर त्यांनी खेळाडू वापरतात तसा रुंद इलॅस्टिक पट्टा काढला, दोन्ही काड्यांत अडकवला आणि डोक्यामागे करकचून आवळून ‘आता मान हलवा’ म्हणाले. मी मान हलवली. दुकानातील इतर गिऱ्हाईकांनीही पाहून घेतले. चष्मा तसूभर सरकला नाही.

त्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने आकाशपाळण्यात बसलो. मैदान कोणते, ते सांगत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला पाळणा वर जाताना नीट दिसत होता. ज्या पोलादी नळीवर आमचा डबा टांगलेला होता तिच्यावरचा गंज दिसला, एका नटाच्या जागी बांधलेली तार दिसली, पायथ्याखाली समतोलासाठी सरकवलेल्या विटा दिसल्या, आणि पाळण्याचे बटण ज्याच्या हाती होते तो मुलगा पाठ करून मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असलेलाही दिसला. धावफलक तेवढा वाचता आला नाही. दुसऱ्या वळशापासून मी डोळे मिटून घेतले. खाली उतरल्यावर धाकट्या भाच्याने विचारले, ‘मामा, चष्मा राहिला ना जागेवर? मग आणखी एक फेरी मारू!’ मी पट्टा सोडला, चष्मा ताईच्या पर्समध्ये ठेवला आणि तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो.