मीटरखालची ती वायर बदलायची नाही म्हणजे नाही

घराला रंग काढा, फरशी उखडा, हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये चोवीस दिवे खोचा. पण मीटरपासून मेन स्विचपर्यंत जी दोन-अडीच हात वायर लोंबते, तिला बोट लावू नका. तिनं चाळीस वर्षं चार ट्यूबलाइट, तीन पंखे आणि एक रेडिओ इमानेइतबारे ओढला. म्हातारपणी तिला घराबाहेर काढायचं म्हणजे काय!

उलट जबाबदारी वाढवा. सकाळी पाणी सुटलं की अर्ध्या एचपीचा पंप लावा, तीनेक अँपिअर. त्याच वेळी दोन किलोवॉटचा गिझर, पावणेनऊ. ओट्यावर तेवढ्याच किलोवॉटची इंडक्शन शेगडी, आणखी पावणेनऊ. शाळेचा गणवेश राहिलाय, म्हणून हजार वॉटची इस्त्री, सव्वाचार. झाले पंचवीस. वायर आहे अडीच चौरस मिलिमीटरची, तीही अ‍ॅल्युमिनियमची, जेमतेम वीस अँपिअरच्या ऐपतीची. पण ऐपत बघून काम सांगायची पद्धत आपल्याकडे आहेच कुठे?

किटकॅटमधली, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजमधली, तार सारखी जात असेल, तर जुन्या वायरचे चार पदर पिळून बसवा. आधुनिक विचारांचे असाल तर ६३ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आणा. ती ट्रिप होत नाही, कधी होणारही नाही. खालची वायर पाघळून भिंतीवर उतरली तरी ती जागची हलणार नाही, कारण तिच्या हिशेबानं अजून अडतीस अँपिअर शिल्लक आहेत.

वायर मध्येच तुटली, तर तांब्याचा तुकडा घ्या, अ‍ॅल्युमिनियमला पीळ मारा आणि वर काळी टेप गुंडाळा. वायरच्या टोकाला थिंबल नावाची धातूची टोपी, ती दाबून बसवायचं क्रिंपिंग वगैरे कंत्राटदारांची थेरं. अ‍ॅल्युमिनियम तापलं-निवलं की दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा सैल होतो. पावसाळ्यात दमट हवेत तांब्याशी त्याचं पटत नाही, मग सांध्यावर पांढरी पूड धरते. अशा सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला, तरी पंचवीस अँपिअरला तिथे बासष्ट वॉटची उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची इस्त्री पंचवीस वॉटची असते. तुमच्याकडे मीटरपेटीत तशा अडीच इस्त्र्या, त्याही फुकट. शिवाय सांधा जळत असतानाही करंट पंचवीसच राहतो, म्हणजे एमसीबीच्या झोपेला धक्का नाही. पेटीतून सुक्या बोंबलासारखा वास आला, तर पेटीतलं बेकेलाइट, म्हणजे कडक प्लास्टिक, जळतंय वगैरे शंका मनात आणू नका. शेजारी आज काय बेत आहे, ते विचारून या.

इमारतीत राहत असाल, तर मीटररूममधल्या सामाईक न्यूट्रलकडे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरकडेही लक्ष देऊ नका. तीन फेजचा तो एकच न्यूट्रल सुटला, की पहिल्या मजल्यावरचा बल्ब मिणमिणतो आणि तिसऱ्यावर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट जाऊन टीव्ही, फ्रिज, राउटर एका दमात बसतात. सोसायटीच्या सभेला विषय मिळतो.

अर्थिंग नळालाच ठेवा. पाइप मागच्या वर्षी सीपीव्हीसीचे झाले, प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही, हे नळाला कुठे माहीत आहे? करंट गळला की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी सारखी पडत असेल, तर गळती शोधत बसू नका. आरसीसीबीच बायपास करा.

आणि एवढं करूनही वायर बदलायची खुमखुमी असेलच, तर दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय छापाची आणा. मीटरच्या भोकात मावली नाही की निम्मे पदर कापा. पैसे दहाचे, बसली पाचची. एका टोकाला दोन स्क्रू असतात, त्यातला एकच आवळा. दुसरा बहुधा शोभेचा असावा.

वीज कंपनीला अर्ज, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, लाइनमननं खांबावरून पुरवठा तोडणं, काम झाल्यावर नवं सील, यात कशाला पडता? सील म्हणजे काय, तारेत ओवलेला एक मणी. पकडीनं तोडा. २००३ च्या वीज कायद्याचं १३८ वं कलम मीटरशी अशी परस्पर जोडतोड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं खरं, पण रविवारी कोण येतंय बघायला?

भाच्याला बोलवा. त्यानं आयटीआयच्या दारावरून बऱ्याचदा स्कूटर नेली आहे. मेन स्विच पाडा आणि त्याला म्हणा, "लाइट बंद केलीय रे, घाल बिनधास्त हात." मेन स्विच मीटरच्या पुढे असतो आणि तो पाडला तरी खांबापासून मीटरमधून थेट मेन स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते, हे त्याला आत्ताच सांगू नका, उगाच हात थरथरेल. पायाखालचं स्टूल लाकडी आहे ना, तेवढं बघा.