‘वाईट रक्त’ आणि मावशीची झडप

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: हिरड्यांतून येतं ते उष्णतेचं वाईट रक्त, जाऊ द्यावं, दातांचे जंतू तोंडातच राहतात, स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढल्याने, दात हलतात. खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात एक जोडी माझ्या मावशीची, जिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे.

उष्णता कसली, ते किटण. त्याने हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये खाच पडते. निरोगी खाच तीन मिलिमीटरपर्यंत. मावशीची सहा भरली. अशा खाचेची आतली बाजू सोलवटलेल्या गुडघ्यासारखी असते. रक्त बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जातात, ब्रश करताना, सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) चावतानासुद्धा.

बहुतेकांच्या रक्तातून ते थोड्या वेळात नाहीसे होतात. कृत्रिम किंवा आधीच बिघडलेल्या झडपेवर मात्र चिकटून थर धरतात. त्या थराचा तुकडा सुटून रक्तवाहिनीत अडकला, की तिची भिंत संसर्गाने पोखरते, फुग्यासारखी फुगते, कधी थेट मेंदूत फुटते. या फुगवट्याला डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली ‘मायकॉटिक’ म्हटलं. नाव बुरशीचं, पण करणी बहुतेक वेळा जीवाणूंची!

स्केलिंगबद्दल एवढंच: दात हलतो तो खालचं हाड झिजल्याने. किटणाने सिमेंटसारखा धरून ठेवलेला असतो, म्हणून आधी कळत नाही.

एका काकांनी लगेच उलट टोक गाठलं: हिरडी सुजली की हार्ट अटॅक ठरलेला. तेही नको. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली पुरावे तपासून सांगितलं, की दोन्हींचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही.

दाताच्या कामाआधी अँटिबायोटिकही सगळ्यांना लागत नाही. मावशीसारख्यांना लागतं: ॲलर्जी नसेल तर साधारणपणे २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरांना विचारूनच. आणि झडपवाल्यांचा बारीक ताप रेंगाळला, तर मेडिकलवरून गोळ्या आणण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधणारी तपासणी. गेल्या वर्षी मावशीला आम्ही आधी गोळ्या दिल्या. त्यामुळे कल्चरमध्ये काही सापडेना आणि ताप काही हटेना.

मावशीला फोन केला. म्हणाली, “मी कुठे वाचलं रे? सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.”