करमुक्त खान्देशाच्या संदेशाला उत्तर

‘खान्देश दहा वर्षं करमुक्त करा’ असा एक लांबलचक संदेश सध्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गुजरात कमी कर आणि कमी सरकार यामुळे पुढे गेला. जळगावची केळी सरकारशिवाय उभी राहिली. कापूस सरकारनं हात लावला म्हणून बुडाला. आपला कर मुंबई-पुण्याला जातो. तेव्हा कर बंद करा आणि शेत, पाणी, बाजार यांतून सरकारला बाहेर काढा. या संदेशामागचा राग मला पटतो, त्यातला एक मुद्दाही बराचसा पटतो. पण हीच मागणी घेऊन आपण उभे राहिलो, तर जे मागायला हवं तेच मागायचं राहून जाईल.

पटणाऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. कापसाची एकाधिकार खरेदी 1972 च्या हंगामात आली आणि जवळपास तीस वर्षं टिकली. शेतात राबायचं आपण, पण माल विकायचा तो फक्त राज्याच्या पणन महासंघाला. केंद्रावर गाड्यांची रांग, प्रतवारीवरून हुज्जत आणि पैसे हप्त्याहप्त्यानं. सीमेपलीकडे गुजरात किंवा मध्य प्रदेशात भाव चढला की आपला कापूस चोरून तिकडे जायचा, आणि स्वतःचं पीक विकणारा शेतकरी कायद्यानं गुन्हेगार ठरायचा. योजना तोट्यात रुतली ती रुतलीच. त्या काळाचं समर्थन मी करणार नाही. आजही हीच खोड वेगळ्या रूपात दिसते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, 2024 च्या जूनमध्ये तूर-हरभऱ्यावर साठ्याची मर्यादा आली. धुळ्याच्या कांदेवाल्याला आणि जळगावच्या डाळमिलवाल्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाव वर निघाला की सरकार आडवं येतं, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे.

पण यातून ‘कर कमी, तेवढा शेतकऱ्याचा फायदा’ असा नियम निघत नाही. त्याचा दाखलाही कापसातच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. करकपातच होती ती. फायदा सूतगिरण्यांचा झाला. आपल्याकडे मात्र नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर परदेशी गाठींना दार उघडलं म्हणून संताप उसळला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, खुल्या बाजारात तेवढा मिळेना, आणि लोक पुन्हा सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राकडे वळले. विकण्याची सक्ती नको, पण भाव पडला तर खरेदीला कुणीतरी उभं हवं, असं आपला शेतकरी म्हणतो. त्याच्या बोलण्यात मला कुठलीच विसंगती दिसत नाही.

केळीबद्दलचा दावा तर मला सर्वात जास्त खटकतो, कारण तो आपल्याच इतिहासावर बोळा फिरवतो. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगानं ठिबक सिंचन आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं बांधापर्यंत आणली, हे निर्विवाद. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्यानं बसराई-श्रीमंती हे जुने वाण सोडून ग्रँड नैन हा नवा वाण लावण्याचं धाडस केलं, तेही निर्विवाद. पण ठिबकचा संच लहान शेतकऱ्याला परवडला कसा? अनुदानानं. आजही केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात, त्यावर राज्य भर घालतं. मोटारीची वीज सवलतीची. वादळात किंवा थंडीच्या कडाक्यात बाग गेली तर ज्या हवामान आधारित फळपीक विम्याकडे आपण डोळे लावून बसतो, त्याच्या हप्त्याचा मोठा भाग केंद्र आणि राज्य भरतात. केळी संशोधन केंद्र जळगावात आहे ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. भुईमुगाचा देशभर गेलेला जेएल-24 वाण, ज्याला आपण फुले प्रगती म्हणतो, तोही जळगावच्याच सरकारी संशोधन केंद्रातून निघाला. रावेर-सावद्याहून दिल्लीला केळी गेली ती रेल्वेनं, आणि 2020 नंतर किसान रेल्वेत भाड्याला 50 टक्के सवलत होती तेव्हा याच संदेशातल्या ‘स्वयंभू’ केळीवाल्यांनी ती हक्कानं घेतली. घ्यायलाच हवी होती.

आणि सरकार जिथे मागे राहिलं, तिथे काय झालं? रावेर-यावल पट्ट्यात ज्यानं त्यानं आपापल्या पैशानं बोअर खोल नेली. शेजाऱ्याची खोल गेली की आपलीही न्यावी लागते. भूजलाच्या सरकारी पाहणीत हे तालुके अतिउपसा झालेले म्हणून नोंदले गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जिरवण्यासाठी तापी मेगा रिचार्जची योजना आहे, त्यासाठी मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. दोन राज्यांच्या हद्दीतून कालवा नेणं कुठल्या कंपनीला किंवा बागाईतदाराला जमणार आहे?

आता गुजरात. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं इकडे, अर्धं तिकडे, त्यामुळे तुलना मनात येणारच. तिकडे पेट्रोलवरचा व्हॅट कमी, म्हणून नवापूरची माणसं टाकी तिकडे भरतात. पण रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपुरात पेट्रोल बहुतेक वेळा आपल्यापेक्षा महाग असतं, तरी आमचा केळीवाला रोज सकाळी भाव विचारतो तो बऱ्हाणपूरचा, कारण तिथे मंडीत उघड लिलाव होतो. माल ओढणारी गोष्ट ही आहे. शिवाय दक्षिण गुजरात सरकारविना वाढला, हे कुणी सांगितलं? आपल्याच तापीवर त्यांनी 1972 पर्यंत उकाई धरण पुरं केलं, त्याच्या पाणफुगवट्यात आपल्या नवापूर-नंदुरबारकडची गावं गेली. अंकलेश्वरची औद्योगिक वसाहत सरकारी महामंडळानं वसवली, भरूचचा खत कारखाना राज्य सरकारच्या पुढाकारानं उभा राहिला. तिथलं सरकार कमी नव्हतं, त्यानं हाती घेतलेलं काम पुरं केलं.

‘करमुक्त’ म्हणजे नेमका कोणता कर बंद करायचा, हे संदेशात कुठेच नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर मुळातच नाही. 2017 पासून जीएसटीचे दर सगळ्या देशात सारखे, खान्देशापुरते वेगळे करणं राज्याच्या हातात नाही. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. हिमाचलला 2003 मध्ये उत्पादन शुल्काची माफी मिळाली आणि बद्दीत औषधांचे कारखाने आले, हे खरं आहे, पण जीएसटी आल्यावर ते हत्यारच बोथट झालं. मागायचंच असेल तर कीटकनाशकांवरचा 18 टक्के जीएसटी कमी करा म्हणा. शेतकऱ्याला त्याचा परतावा मिळत नाही, तो सगळा त्याच्याच अंगावर बसतो. ठिबकवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला, म्हणजे नेमकं मागितलं तर मिळतं.

आपला पैसा मुंबई-पुण्याकडे वळतो, या मुद्द्यात तथ्य आहे, पण उपाय उलटा सुचवलाय. राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली विदर्भ आणि मराठवाड्याला वेगळी विकास मंडळं मिळाली. खान्देश मात्र ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मुंबई-पुण्याच्याच पंगतीला बसला, आणि सरासरी काढली की नंदुरबार त्यात दिसेनासा होतो. या नंदुरबारला केंद्रानं 2018 मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत घातलं आहे. इथे वाटा वेगळा मोजून मागायला हवा. कर बंद केला तर तो वाटा येणार कुठून?

पाण्यातून सरकार काढा म्हणणाऱ्यांनी धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धती आठवावी. लोकांनी चालवलेली ती सिंचनाची व्यवस्था : पाणी वाटणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि फडात म्हणजे शेतांच्या एका गटात कोणतं पीक घ्यायचं ते सर्वांनी मिळून ठरवायचं. सरकार नसूनही शिस्त होती, आणि पाणी वापरणारा प्रत्येक जण आपला वाटा भरत होता. फुकट तिथेही काही नव्हतं. तापीवर मात्र फडाचं बळ पुरणार नाही. अमळनेरजवळचं तापीवरचं पाडळसरे धरण पाव शतकाहून जास्त काळ अपुरं आहे. प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमध्ये पाणी उभं राहिलं, पण ते शेतापर्यंत उचलणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून होत्या. करमाफीचा संदेश पुढे ढकलण्याऐवजी आपापल्या आमदाराला तारखेनिशी विचारा : पाडळसऱ्याला या वर्षी किती निधी दिला, त्यातला किती खर्च झाला, आणि पहिलं आवर्तन कोणत्या साली सुटणार?